इच्छास्वातंत्र्य नेमके कोणाचे राखले गेले?

उत्तररात्र

हा धागा काढावा की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. चौदा महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ रस्ता ओलांडत असताना एका मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली सापडून गेला. तो 31 वर्षांचा होता. सांत्वनासाठी आलेल्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी अत्यंत सद्भावनेने मला सांगितले की, यात देवाला दोष देऊ नये. देवाने माणसाला बरेवाईट निवडण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, त्या चालकाने त्याचा दुरुपयोग केला, आणि देव प्रत्येक वेळी हात धरू लागला तर माणूस माणूस न राहता कळसूत्री बाहुली होईल.

त्या दिवशी मी मान डोलावली. पण नंतर एक प्रश्न मनात शिरला, तो अजून निघालेला नाही. रस्ता ओलांडून घरी जावे, अशी माझ्या भावाचीही इच्छा होतीच. त्या क्षणी दोन माणसांच्या इच्छा समोरासमोर आल्या आणि त्यांतली एकच टिकली. मग देवाने स्वातंत्र्याचा मान राखला, असे म्हणताना आपण कोणाच्या स्वातंत्र्याविषयी बोलत असतो?

माझी श्रद्धा संपलेली नाही, मी आजही प्रार्थना करतो. म्हणूनच मला श्रद्धावान आणि अश्रद्ध, दोन्ही बाजूंच्या सदस्यांचे म्हणणे मनापासून ऐकायचे आहे.

अक्षरवेध

आपल्या दुःखात सहभागी आहे. प्रश्न आपण तात्त्विक पातळीवर मांडला आहे, म्हणून त्याच पातळीवर लिहितो.

देव सर्वशक्तिमान आहे, तो पूर्णतः चांगला आहे आणि तरीही जगात अनिष्ट आहे, ही तीन विधाने एकत्र नांदू शकतात का, हा मूळ पेच. तो ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याच्या नावावर सांगितला जातो. त्याच्या उपलब्ध लेखनात तो सापडत नाही. लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने त्याच्या नावे दिलेला उतारा आपल्यापर्यंत पोचला आहे. स्वातंत्र्याचे उत्तर ठामपणे मांडले ते ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने, चौथ्या शतकाच्या अखेरीस. अनिष्ट ही देवाने घडवलेली वस्तू नसून चांगल्याचा अभाव आहे आणि तो अभाव जिवाच्या इच्छेने चुकीची दिशा धरल्यामुळे निर्माण होतो, अशी त्याची भूमिका.

1955 साली तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी या उत्तराला अगदी साधा प्रश्न विचारला. माणूस एकदा स्वेच्छेने चांगले निवडू शकतो, तर प्रत्येक वेळी स्वेच्छेने चांगलेच निवडणारी माणसे घडवणे सर्वशक्तिमान देवाला अशक्य का असावे? त्यावर 1974 मध्ये श्रद्धावान तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा यांनी असे उत्तर दिले की, स्वतंत्र जीव काय निवडेल हे एकट्या देवाच्या हाती नसते, कारण तसे असते तर ती निवड त्या जिवाची उरलीच नसती. त्यामुळे स्वतंत्र जीव असलेले पण अनिष्टविरहित जग देवालाही प्रत्यक्षात आणता येणार नाही, हे निदान शक्य आहे. 'शक्य आहे' या शब्दांकडे कृपया लक्ष द्यावे. देव अमुक कारणाने अनिष्ट घडू देतो, असा प्लँटिंगांचा दावा नाही. त्या तीन विधानांत तार्किक विसंगती नाही, एवढेच ते सिद्ध करू पाहतात. आपल्या स्नेह्यांनी हा बचाव सांत्वन म्हणून वापरला. त्याची घडण त्या कामासाठी नाही.

माळरान

मद्यधुंद चालकाच्या बाबतीत निदान कोणाची तरी इच्छा दाखवता येते. भूकंपात कोणाची दाखवायची? 1 नोव्हेंबर 1755 रोजी सकाळी लिस्बनमध्ये भूकंप झाला, तो सर्व संतांच्या सणाचा दिवस होता आणि लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले होते. भूकंपामागून समुद्राच्या लाटा आल्या आणि आग लागली. हे जग शक्य असलेल्या सर्व जगांतले सर्वोत्तम आहे, असे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने 1710 मध्ये लिहिले होते. लिस्बननंतर ते वाक्य उच्चारणे युरोपात फार अवघड झाले.

आपल्याकडेही असा वाद झालेला आहे. 15 जानेवारी 1934 च्या बिहार भूकंपानंतर, हे अस्पृश्यतेच्या पापाचे प्रायश्चित्त आहे, असे गांधीजींनी म्हटले. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, त्यांना नैतिक अर्थ चिकटवणे धोक्याचे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गांधीजींनी तो आक्षेप आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात छापला आणि उत्तरही दिले. अस्पृश्यता हे पाप होते, याविषयी दोघांत तिळमात्र मतभेद नव्हता. परंतु ढिगाऱ्याखाली तर ज्यांच्यावर ते पाप लादले गेले तेही होते, आणि त्यामुळे मला रवींद्रनाथांचे म्हणणे पटते.

शुक्रतारा

मी श्रद्धावान आहे आणि माळरान यांच्या मुद्द्याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही एक बाजू राहून जाते आहे, असे वाटते. धर्मतत्त्वज्ञ जॉन हिक यांनी 1966 मध्ये जी मांडणी केली, तिच्यात हे जग सुखाचे घर म्हणून बनवलेलेच नाही. ते जीव घडण्याची जागा आहे. जिथे धोका नाही तिथे धैर्य नाही, जिथे दुःख नाही तिथे करुणा नाही, आणि जिथे देव इतका स्पष्ट दिसतो की नाकारताच येत नाही, तिथे श्रद्धाही नाही.

हे मी केवळ वाचून लिहीत नाही. सहा वर्षांपूर्वी एका दीर्घ आजाराने मी अकरा महिने अंथरुणाला खिळले होते. त्याआधी मी फार अधीर आणि कठोर होते, हे आज मला दिसते. त्या आजाराने माझ्यातले काहीतरी बदलले आणि तो बदल मला परत द्यायचा नाही.

माळरान

शुक्रतारा, आपण बऱ्या झालात याचा आनंद आहे. पण आपल्याला घडायला पुढची सहा वर्षे मिळाली. जे बरे होत नाहीत त्यांच्या घडण्याचे काय? तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी 1979 मध्ये दिलेले उदाहरण मला नेहमी आठवते. दूरच्या जंगलात वीज पडून वणवा लागतो, त्यात एक पाडस भाजते आणि कित्येक दिवस तडफडून मरते. ते कोणी पाहिलेले नाही, त्यामुळे कोणाची करुणाही जागी झालेली नाही. त्या पाडसाने काय शिकावे?

शुक्रतारा

त्या पाडसाचे उत्तर माझ्याजवळ नाही. माझे म्हणणे माझ्या दुःखापुरते खरे आहे. ते दुसऱ्याच्या दुःखावर पांघरण्याचा मला अधिकार नाही, हे मान्य करते.

नीरक्षीर

चर्चा आतापर्यंत एका जन्माची चौकट धरून चालली आहे. आपल्या परंपरेत हाच आक्षेप वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांनी स्वतःहून उभा केला आहे आणि त्याला दोन नेमकी नावे दिली आहेत: वैषम्य आणि नैर्घृण्य. वैषम्य म्हणजे पक्षपात आणि नैर्घृण्य म्हणजे निर्दयता. कोणी सुखी, कोणी दुःखी असे जग निर्माण करणारा ईश्वर या दोन दोषांतून सुटतो कसा? सूत्राचे (2.1.34) उत्तर असे की, ईश्वर जिवांच्या कर्माच्या अपेक्षेने सृष्टी करतो. त्यावरील भाष्यात शंकराचार्यांनी पर्जन्याचा दृष्टान्त दिला आहे. पाऊस सर्वत्र सारखा पडतो. भात उगवावा की सातू, हे ज्या त्या बीजावर ठरते. पण सर्वांत पहिल्या सृष्टीपूर्वी तर कोणतेच कर्म नव्हते ना, या शंकेला पुढच्याच सूत्रात उत्तर आहे: संसार अनादि आहे, 'सर्वांत पहिली' सृष्टी नाहीच.

या उत्तराचे बळ असे की, ते भूकंपालाही लागू पडते आणि पाडसालाही. अडचणही सांगतो. ज्या कर्माची मला आठवण नाही, त्याच्या फळाला शिक्षा म्हणावे काय? शिवाय अनादित्वाने प्रश्न सुटतो की फक्त मागे मागे सरकत जातो, याविषयी माझ्याही मनात शंका आहे. कौषीतकी उपनिषदात तर, ज्याला वर न्यायचे त्याच्याकडून तोच सत्कर्म करवतो आणि ज्याला खाली न्यायचे त्याच्याकडून दुष्कर्म, असे स्पष्ट वचन आहे. ते वाचल्यावर कर्माचा कर्ता कोण, हाच प्रश्न पुन्हा समोर येतो.

गारवा

मी 22 वर्षे बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. येथील अनेकांइतके माझे वाचन नाही. परंतु नीरक्षीर यांनी ज्या उत्तराचे बळ सांगितले, ते उत्तर खाटेजवळ उच्चारले जाते तेव्हा काय घडते, ते मी पाहिलेले आहे.

एका चार वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग होता. त्याची आई पहिले काही आठवडे अतिशय धीराची होती. मग भेटायला आलेल्या कोणीतरी तिला सांगितले की, हे पूर्वजन्मीचे भोग आहेत, ते भोगूनच संपवायचे असतात. त्यानंतर ती मुलाला स्वतःच्या हाताने भरवेनाशी झाली. ती वाटी माझ्या हाती द्यायची आणि म्हणायची, "सिस्टर, तुम्हीच भरवा, माझ्या हातून नको." दोनतीन दिवसांनी मी कारण विचारले. तेव्हा कळले की, पाप मुलाचे असणे शक्यच नाही, इतका लहान जीव काय पाप करणार, म्हणजे ते आपलेच असले पाहिजे आणि आपल्या स्पर्शाने ते त्याला लागत असले पाहिजे, असे तिने मनाशी ठरवले होते.

ते मूल पुढे सात आठवडे होते. त्यांतले किती दिवस त्या एका वाक्याने त्याच्या आईपासून हिरावले, याचा हिशेब मी आजही करते. जगातले अनिष्ट समजावून सांगायला निघालेले वाक्य तिथे स्वतःच अनिष्ट झाले होते.

पाणवठा

गारवा यांचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही.

नीरक्षीर

गारवा, आपला प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. कर्मसिद्धान्त हा स्वतःच्या वागण्याची जबाबदारी घेण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी नाही, असे मी लिहिणार होतो. पण ते सोयीचे ठरेल. सिद्धान्त सार्वत्रिक असेल तर तो त्या मुलालाही लागू असल्याचे मला म्हणावे लागेल, आणि ते त्या आईसमोर उभे राहून मला म्हणवणार नाही. सिद्धान्तात खोट आहे की माझ्या धैर्यात, हे मला आत्ता ठरवता येत नाही.

बोधिपत्र

येथे बौद्ध परंपरेचे म्हणणे उपयोगी पडेल. जगाचा निर्माता मानलेला नसल्यामुळे, देव दयाळू असून दुःख का, हा पेच तेथे या रूपात उभाच राहत नाही. पण कर्म तर मानलेले आहे. संयुत्त निकाय या पाली ग्रंथातील सीवक सुत्तात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की, माणूस जे काही सुखदुःख अनुभवतो ते सगळे पूर्वकर्मामुळे, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले मत काय? बुद्ध ते मत नाकारतात. पित्त, कफ, वायू, त्यांचा संयोग, ऋतुबदल, निष्काळजी वर्तन, बाहेरून झालेला आघात अशी कारणे मोजून, कर्मविपाक, म्हणजे पूर्वकर्माचे फळ, हे त्यांतले केवळ एक कारण असल्याचे ते सांगतात. सगळेच कर्मामुळे म्हणणारे स्वतःच्या प्रत्यक्ष अनुभवाच्याही पुढे धावतात, असा त्यांचा आक्षेप आहे.

म्हणजे त्या आईला 'हा आजार शरीराचा आहे' एवढेच सांगणे हे सिद्धान्ताशी तडजोड करणे नव्हे. माझ्या समजुतीप्रमाणे सिद्धान्तच तसे सांगतो.

कार्यकारण

सगळेजण इच्छा स्वतंत्र आहे असे गृहीत धरून बोलत आहेत. मेंदूवैज्ञानिक बेंजामिन लिबेट यांच्या 1983 च्या प्रयोगांत, हात हलवण्याची इच्छा झाल्याची जाणीव माणसाला होण्यापूर्वी सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत तयारीचा विद्युतसंकेत दिसला होता. इच्छाच जर आधी ठरलेली असेल, तर स्वातंत्र्याचा बचाव पायापासून ढासळतो.

अक्षरवेध

लिबेट स्वतः त्या निष्कर्षापर्यंत गेले नव्हते. जाणीव झाल्यानंतर कृती थोपवण्याची शक्ती माणसात उरते, असे त्यांचे मत होते. शिवाय मनात येईल तेव्हा मनगट हलवणे आणि दारू पिऊन गाडी चालवायची की नाही हे ठरवणे, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येतील असे मला वाटत नाही. मेंदूविज्ञानावर स्वतंत्र धागा काढल्यास तेथे सविस्तर लिहीन. येथे मूळ प्रश्नावर राहू या.

सफर

इस्लामी परंपरेतही या विषयावर मोठा वाद झाला. मुअतझिली पंथाच्या मते देव न्यायी आहे, म्हणून माणूस स्वतःच्या कृत्यांचा खरा कर्ता असलाच पाहिजे, आणि देव प्रत्येकासाठी हिताचे तेच करतो. अल-अशअरी या मताचा शिष्य होता. आपले गुरू अल-जुब्बाई यांना त्याने तीन भावांविषयी विचारल्याची कथा प्रसिद्ध आहे. एक पुण्यवान होऊन मेला, दुसरा पापी होऊन, तिसरा बालपणीच गेला. बालपणी गेलेला देवाला म्हणतो, मलाही आयुष्य दिले असतेस तर मी पुण्य करून वरचे स्थान मिळवले असते. देव म्हणतो, तू मोठा होऊन पापी झाला असतास हे मला ठाऊक होते, म्हणून तुझ्या हितासाठीच तुला लवकर नेले. तेव्हा नरकातून पापी भाऊ ओरडतो: मग मला का नाही बालपणीच नेलेस? अल-जुब्बाई निरुत्तर झाले, असे कथा सांगते.

'त्यात काहीतरी हित असेल' हे वाक्य एखाद्या मृत्यूविषयी मी ऐकतो तेव्हा मला तिसऱ्या भावाऐवजी दुसऱ्याची हाक ऐकू येते.

ओंजळ

मी बरेच दिवस वाचतच होते. एक गोष्ट मांडते, ती चुकीची वाटल्यास अवश्य सांगावे.

ज्ञानदेवांनी पसायदानात 'जे खळांची व्यंकटी सांडो, तयां सत्कर्मी रती वाढो' असे मागितले आहे. खळ नष्ट होवोत, असे ते म्हणत नाहीत. त्यांच्या वृत्तीतला वाकडेपणा गळून पडो आणि सत्कर्माची गोडी वाढो, असे म्हणतात. मी हे लहानपणापासून म्हणत आले आहे, परंतु हा धागा वाचताना मी प्रथमच थांबले. हे मागणे ज्याच्यापाशी मागितले आहे त्याला ते देता येत असेल, तर माणसाच्या मनात सत्कर्माची गोडी निर्माण करणे देवाला शक्य आहे आणि तसे केल्याने माणूस कळसूत्री बाहुली होत नाही, हे ज्ञानदेवांनी मानलेच आहे. गोडी लागलेला माणूस परतंत्र होत नाही. तो तर आनंदाने करतो. मग अक्षरवेध यांनी सांगितलेला मॅकी यांचा प्रश्न आपल्या रोजच्या प्रार्थनेच्या पोटातच आहे: ही गोडी आरंभापासूनच का दिली नाही?

आणि ते देणे स्वातंत्र्याच्या आड येत असेल, तर आपण इतकी शतके हे मागतो आहोत ते काय?

शुक्रतारा

ओंजळ, मला वाटते की मागण्यालाच येथे अर्थ आहे. माणूस मागतो तेव्हा आपल्या इच्छेचे दार तो स्वतः उघडतो, आणि उघडलेल्या दारातून येणे म्हणजे जबरदस्ती नव्हे. देव न मागता देत नाही, कारण तो स्वातंत्र्य मानतो.

ओंजळ

स्वतःसाठी मागणाऱ्याच्या बाबतीत आपले म्हणणे अगदी पटते. पण ही प्रार्थना खळांनी स्वतःसाठी केलेली नाही. ती ज्ञानदेवांनी त्यांच्यासाठी केली आहे. दार दुसऱ्याचे आहे आणि ते उघडावे असे मागणारा तिसराच आहे.

शुक्रतारा

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. यावर विचार करून लिहीन.

पिंपळसावली

द्रौपदीचा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही, याचे नवल वाटते. वनपर्वात ती युधिष्ठिराला सरळ सांगते की, विधाता प्राण्यांना लाकडी बाहुल्यांसारखा खेळवतो आहे. तू धर्म कधी सोडला नाहीस आणि वनात तूच आहेस. अशा विधात्याची मी निंदा करते. आणि पुढे असेही म्हणते की, केलेले कर्म कर्त्यालाच चिकटत असेल, तर या पापाने ईश्वरच लिप्त होतो. ज्या बाहुलीच्या भीतीने स्वातंत्र्याचा बचाव उभा राहतो, तीच बाहुली आपण आहोत असे द्रौपदीला तिच्या दुःखात दिसले.

युधिष्ठिर याला नास्तिक्य म्हणतो, पण तिला गप्प करत नाही. तो म्हणतो की मी फळाची आशा धरून धर्म आचरत नाही, आणि धर्माचा व्यापार करणारा धर्मवाद्यांत सर्वांत हीन असतो. माझ्या मते हे उत्तर थोर आहे, पण ते द्रौपदीच्या प्रश्नाचे नाही. तिने विधात्याविषयी विचारले आणि त्याने स्वतःविषयी सांगितले.

उत्तररात्र

सर्वांचे प्रतिसाद मी सावकाश वाचले. गारवा, त्या आईविषयी लिहिल्याबद्दल मी आपला फार ऋणी आहे.

एक गोष्ट मी पहिल्या लेखनात सांगितली नव्हती. मागच्या महिन्यात त्या चालकाचे मला पत्र आले. त्याने क्षमा मागितली आहे आणि माझ्या समजुतीप्रमाणे ती खरी आहे. पण पत्रात एक ओळ अशी आहे: 'जे दैवात होते ते माझ्या हातून घडले.' ती ओळ वाचून मला जो संताप आला, तसा अपघाताच्या दिवशीही आला नव्हता. मी उत्तरात लिहिले की, नाही, ते दैवात नव्हते. त्या संध्याकाळी किल्ली उचलताना तुम्हाला ती खाली ठेवता आली असती.

पत्र पाठवल्यानंतर माझ्या लक्षात आले की, ज्या इच्छास्वातंत्र्याचे नाव ऐकून मी चौदा महिने अस्वस्थ होतो, त्याचीच बाजू मी जीव तोडून मांडली होती. मला त्या माणसाचे स्वातंत्र्य हवेच आहे, कारण ते नसेल तर माझ्या भावाच्या मृत्यूला कोणीच जबाबदार उरत नाही. मात्र चालकाच्या हातून ते का घडले, याचे उत्तर त्या स्वातंत्र्यात मिळते. माझा भाऊ का वाचवला गेला नाही, याचे मिळत नाही. त्या चालकाचा हात न धरताही माझ्या भावाची पावले क्षणभर अडखळवता आली असती. त्याने कोणाचे स्वातंत्र्य गेले असते? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि माझ्या स्नेह्यांनी पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला दिले होते. पिंपळसावली यांनी युधिष्ठिराविषयी लिहिलेले वाचताना हे मला स्पष्ट दिसले.

दुसरा प्रश्न मी प्रार्थनेत विचारतो आहे. द्रौपदीला कोणी गप्प केले नाही, हे वाचून बरे वाटले.

नीरक्षीर

उत्तररात्र, आपल्या पत्रातल्या ओळीशी जुळणारे ब्रह्मसूत्रांतले एक सूत्र आहे, 2.3.42. ईश्वर करवतो हे मान्य करूनही, तो जिवाने केलेल्या प्रयत्नाच्या अपेक्षेनेच करवतो, अन्यथा विधी आणि निषेध व्यर्थ ठरतील, असे ते सांगते. किल्ली खाली ठेवता आली असती, हे आपले म्हणणे त्या सूत्राला धरूनच आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र ते सूत्र स्पर्श करत नाही.

गारवा

उत्तररात्र, त्या चालकाने पुन्हा उत्तर पाठवले का?

उत्तररात्र

काल आले. त्याने दैवाची ओळ मागे घेतली आहे.